फरशीभर पाणी आणि एक कापलेला मार्क

मा. संपादक,
स.न.वि.वि.

पत्र इंग्रजीतल्या ऑल या शब्दाबद्दल आहे आणि लांबणार आहे हे आधीच सांगते. जागा नसेल तर कापा, पण मधला पाण्याच्या ग्लासचा भाग तेवढा ठेवा, कारण ज्यांच्यासाठी लिहितेय त्यांना तोच उपयोगी पडेल.

मी कराडला राहते आणि गेली २१ वर्षं घरी आठवी, नववी, दहावीच्या मराठी मीडियमच्या मुलांच्या इंग्रजीच्या शिकवण्या घेते. मागच्या रविवारी माझ्याकडची नववीतली एक मुलगी चाचणीचा पेपर घेऊन आली, डोळे भरलेले होते तिचे. भाषांतराच्या प्रश्नात एक वाक्य होतं, देअर वॉज वॉटर ऑल ओव्हर द फ्लोअर. तिनं लिहिलं होतं, फरशीभर पाणी झालं होतं. त्यावर लाल काट, 'भर' या अक्षरांभोवती गोल, आणि बाजूला लिहिलेलं, 'सर्व' कुठे? 'वर' कुठे? तिच्या शेजारच्या बाकावरच्या मुलानं लिहिलं होतं, सर्व पाणी फरशीच्या वर होते, त्याला पूर्ण मार्क. मी म्हटलं असं कसं होईल, म्हणून तिच्या दप्तरातलं गाइड काढून बघितलं तर त्यात हेच उत्तर छापलेलं, शब्दाला शब्द, सर्व पाणी फरशीच्या वर होते.

मी शाळेचं नाव लिहिणार नाही, गाइडचंही नाही. शिकवणारे सर चांगले आहेत, मुलांसाठी झटणारे आहेत, ६०-६५ पेपर रात्री जागून तपासताना माणूस छापील उत्तर बघूनच पुढं जातो हे मला कळतं. पण त्या पोरीनं जे लिहिलं होतं ना ते इंग्रजी नीट कळल्याशिवाय लिहिताच येत नाही, आणि मराठीही तितकीच पक्की लागते. तिला दोन्ही येत होतं आणि नेमकं तिचंच उत्तर चुकीचं ठरलं, हे मला आठवडाभर डाचतंय.

आणि पत्र तुम्हालाच का लिहितेय तर तुमच्या शनिवारच्या पुरवणीत इंग्रजी शिकवणारं सदर येतं, माझी मुलं ते कापून वहीत चिकटवतात. त्यात महिन्यापूर्वी एक चौकट होती, ऑल म्हणजे सर्व, सगळे, हा शब्द नामाच्या आधी वापरतात. बास, एवढंच. आता हे खोटं नाहीये, पण अर्धंच आहे, आणि उरलेल्या अर्ध्यातच आमच्या भागातली मुलं वर्षानुवर्षं अडकून पडलीत.

ऑल हा शब्द मुलाला अगदी सुरुवातीला भेटतो. आपल्याकडं २००० सालापासून मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आहे (आमच्या वेळी पाचवीपासून होतं), म्हणजे आताच्या पोरांना सहाव्या वर्षीच ऑल बॉइज, ऑल गर्ल्स, ऑल ऑफ यू स्टँड अप हे ऐकून पाठ असतं. तिथं तो सर्व असतोच, सर्व मुलगे, सर्व मुली, काही अडत नाही. अडायला लागतं आठवीत, जेव्हा ऑलच्या पुढं नाम येत नाही तर ओव्हर, थ्रू, अलाँग, राउंड, इन, बाय, फॉर असले शब्द येतात. ऑल ओव्हर द फ्लोअर, ऑल थ्रू द नाइट, ऑल अलाँग द रोड, ऑल बाय हरसेल्फ. इथं मुलगा काय करतो तर पाठ केलेला सर्व उचलतो आणि वाक्यात जे पहिलं नाम दिसेल त्याला नेऊन चिकटवतो. वॉटर दिसलं, झालं, सर्व पाणी. मुलाची चूक नाहीच, त्याला कुणी सांगितलेलंच नाही की हा ऑल कुणाचा आहे.

मी रविवारी काय केलं ते सांगते. माझ्या शिकवणीच्या खोलीत जुनी शहाबादी फरशी आहे. मी स्टीलचा एक ग्लास काठोकाठ भरून आणला आणि मुलांना भिंतीला टेकून बसायला सांगितलं. सगळा ग्लास एकाच जागी ओतला, खोलीच्या कोपऱ्यात, ताटाएवढं थारोळं झालं, बाकी खोली कोरडी. ग्लास उलटा करून दाखवला, एक थेंब नाही. म्हटलं, हे बघा, ऑल द वॉटर इज ऑन द फ्लोअर, सगळं पाणी फरशीवर. मग पोछा मारला, ग्लास परत भरला, आणि यावेळी नुसती बोटं बुडवून सडा घालतो तसं पाणी खोलीभर शिंपडलं, दारापर्यंत, कपाटाखाली, मुलांच्या पायांवर सुद्धा. ग्लास दाखवला, जवळजवळ भरलेलाच. म्हटलं, आता बोला. ज्या मुलाला पूर्ण मार्क पडले होते तोच पहिला बोलला, टीचर, पाणी सगळं नाहीये, फरशी सगळी आहे.

पाणी सगळं नाहीये, फरशी सगळी आहे. मी २१ वर्षं शिकवतेय पण मला हे इतक्या कमी शब्दांत सांगता आलं नव्हतं.

तर मुद्दा हा आहे. देअर वॉज वॉटर ऑल ओव्हर द फ्लोअर यात ऑल पाण्याचा नाहीच, तो फरशीचा आहे. आपण मराठीत म्हणतो, सगळ्या फरशीवर पाणी. आपलं 'वर' फरशीच्या मागून येतं त्यामुळं 'सगळ्या' आणि 'फरशी' हे दोघं एकमेकांना चिकटून बसतात, शंकाच राहत नाही. इंग्रजीत मात्र ओव्हर आधी येतं आणि मध्ये उभं राहतं, दारात उभ्या राहिलेल्या माणसासारखं, आणि ऑल त्याच्या अलीकडं राहतो. मुलाला एवढंच शिकवायचं असतं की ऑलच्या लगेच पुढं असला शब्द दिसला तर त्याच्यावरून उडी मारून पलीकडं जाऊन बघ, तिथं जे नाम बसलंय ते सगळं आहे का. ऑल थ्रू द नाइट, थ्रूवरून उडी, पलीकडं रात्र, सगळी रात्र, रात्रभर. ऑल राउंड द हाउस, पलीकडं घर, घराच्या सगळ्या बाजूंनी. ऑल डाउन हिज शर्ट, पलीकडं शर्ट, म्हणजे चहा किंवा वरण जे काय सांडलंय ते शर्टावरून पार खालपर्यंत ओघळलंय.

आणि मराठीत यासाठी 'भर' आहे. किती सुंदर प्रत्यय आहे हा, आपण रोज वापरतो म्हणून लक्षात येत नाही. घरभर, गावभर, अंगभर, रानभर, रात्रभर, वर्षभर. भरणं या क्रियापदाशी त्याचं नातं उघड दिसतं, जे भरता येतं त्यालाच भर लागतो. आता गंमत बघा, इंग्रजीतला हा ऑल पण असाच निवडून निवडून लागतो. ओव्हर, थ्रू, अलाँग, अक्रॉस, अराउंड, अप, डाउन, या सगळ्यांत पसरण्याची किंवा लांबीची कल्पना आहे, म्हणून त्यांच्याआधी तो खुशाल बसतो. पण ॲटच्या आधी तो या अर्थानं येत नाही, कारण ॲट म्हणजे एक ठिकाण, एक बिंदू, तो भरणार कसा? स्टँडवर उभा आहे याला आपण स्टँडभर उभा आहे म्हणतो का? नाही ना. ज्या मुलाला मराठीत भर कुठं लागतो ते कळतं त्याला इंग्रजीतला हा ऑल अर्धा आधीच येत असतो. आणि नेमका त्याच 'भर'वर लाल गोल.

भरचं अजून एक सांगायचं राहिलं. तो मागं लागला तर एक अर्थ आणि पुढं लागला तर दुसरा. रस्ताभर ऊस सांडला होता, आणि भर रस्त्यात ऊस सांडला होता. आमच्या भागात गळीत हंगामात ट्रॅक्टर-ट्रॉल्या जायला लागल्या की दोन्ही बघायला मिळतं म्हणून मी हेच उदाहरण घेते. पहिल्यात मैलोन् मैल मोळ्या नि कांड्या पडत गेल्यात, ऑल अलाँग द रोड. दुसऱ्यात एकाच ठिकाणी रस्त्याच्या मधोमध ढीग पडलाय आणि दोन्हीकडची वाहतूक थांबलीय, तिथं इंग्रजीत ऑल नाही चालत, राइट इन द मिडल ऑफ द रोड म्हणावं लागतं. भर दुपारी, भर पावसात, भर सभेत, हे सगळे असेच. मुलांना हे कळलं की ती स्वतःहून जोड्या लावायला लागतात, गावभर आणि भर गावात, मला काही करावं लागत नाही.

आता दुसरा प्रकार, कारण सगळीकडंच ऑल उडी मारतो असं नाहीये आणि तसं शिकवलं तर उलटी चूक होईल. द चिल्ड्रन आर ऑल इन द क्लासरूम. इथं ऑल इनच्या आधी आहे म्हणून उडी मारून सगळ्या वर्गात असं केलं तर चुकलंच. इथं तो मागं बघतोय, मुलांकडं. सगळी मुलं वर्गात आहेत. हा ऑल मुळात मुलांच्या शेजारचाच, ऑल द चिल्ड्रन आर इन द क्लासरूम, फक्त तिथून उठून थोडा पुढं जाऊन बसला. आपल्याकडं पण तो असाच उठून बसतो की, सगळी मुलं वर्गात आहेत, मुलं सगळी वर्गात आहेत, मुलं वर्गात आहेत सगळी. तिन्ही बरोबर. आणि आपला 'सगळा' लिंग-वचन बदलतो म्हणून तो कुठंही जाऊन बसला तरी कुणाचा आहे ते कळतं, सगळी म्हटलं की मुलं, सगळा म्हटलं की वर्ग. इंग्रजी ऑलला ती सोय नाही, तो आपला सगळीकडं तसाच. म्हणून तिथं अर्थ बघावा लागतो. आणि 'सर्व' हा शब्दही तसाच न बदलणारा आहे, हे गाइडं लिहिणाऱ्यांनी लक्षात घ्यावं, सर्वऐवजी सगळा वापरून भाषांतर केलं तर निम्म्या चुका लिहितानाच पकडल्या जातील, कारण सगळं पाणी लिहायचं की सगळी फरशी ते तिथंच ठरवावं लागतं.

मी मुलांना एक साधी खूण देते. ऑल उचलून मागच्या नामाच्या आधी ठेवून बघ. ऑल द चिल्ड्रन, चाललं, अर्थ तोच राहिला, म्हणजे मागं बघणारा. ऑल द वॉटर, अर्थ बदलला, ग्लास रिकामा झाला, म्हणजे पुढं बघणारा. आणि मागचं नाम जर एकटाच माणूस असेल, ही, शी, आय, तर तिथं मोजण्यासारखं काही नाहीच, शी सॅट ऑल बाय हरसेल्फ यात सर्व ती कुठून आणणार? मला एका मुलानं खरंच लिहून दिलं होतं, ती सर्व स्वतः बसली. बिचाऱ्यानं प्रत्येक शब्दाला शब्द दिला होता आणि वाक्याला अर्थच उरला नव्हता. ती एकटीच बसली होती, एवढं साधं.

हा एकटीचा ऑल म्हणजे तिसरा प्रकार, तो ना मागं मोजतो ना पुढं, तो नुसता पूर्णपणे, अगदी, पार असं म्हणतो. आणि हा नवीन फॅशनचा नाही, फार जुना आहे, इंग्रजीच्या पोटात मुरलेला आहे. अलोन हा शब्द मुळात ऑल आणि वन मिळून झालाय, अगदी एक, म्हणजे एकटा. ऑल्सो, ऑलमोस्ट, ऑलरेडी यात पण हाच ऑल बसलाय. मुलांना अलोनची ही गोष्ट सांगितली की ऑल बाय हरसेल्फ पुन्हा चुकत नाही.

आणि आपल्या मराठीत हा आहे की नाही? आहे तर! पोरगं चिखलातून खेळून आलं की आई काय म्हणते, सगळा बरबटून आलास की रे. एकच पोरगं आहे, तरी सगळा. तो सगळा भिजला, ती सगळी घामानं निथळत होती, शर्ट सगळा मळला. इथं सगळा म्हणजे किती जण नाही, सगळा म्हणजे डोक्यापासून पायापर्यंत. माय हेअर वॉज ऑल इन अ टँगल, केसांचा सगळा गुंता झाला होता. असा एकेक शब्द जुळतो की अंगावर काटा येतो. द रूम वॉज ऑल इन अ मेस, खोलीत सगळा पसारा पडला होता. इट्स ऑल बिकॉज ऑफ यू, हे सगळं तुझ्यामुळं झालं. घरात दिवसातून दहा वेळा ऐकलेली वाक्यं आहेत ही. मुलाच्या कानात हे आधीच आहे, त्याला इंग्रजीसाठी बाहेरून काही आणायचंच नाही, फक्त घरातली भाषा वहीत लिहिली तर चालते एवढं त्याला कुणीतरी सांगायला हवं. पण शाळेत भाषांतर म्हटलं की मुलं एकदम पुस्तकी होतात, झालं होतंचं झाले होते करतात, सगळाचं सर्व करतात, आणि तिथंच अर्थ निसटतो.

काही ठिकाणी तर मराठीत ऑलसाठी कुठला शब्दच येत नाही, शब्द दोनदा म्हटला की काम होतं. इथं कृष्णा-कोयनेच्या संगमावर संध्याकाळी फिरायला येणारी माणसं नदीच्या काठाकाठानं चालतात, ऑल अलाँग द बँक. भिंतीच्या कडेकडेनं मुंग्यांची रांग, ऑल अलाँग द वॉल. आता यात सर्व कुठाय? कुठंच नाही, आणि तरी काठाकाठानं या एका शब्दात तो पुरा आलाय. सर्व काठावरून असं लिहिलं तर कराडात कुणाला कळणार नाही माणूस काय म्हणतोय. आणि लांबून आलेल्याला आपण पार लावतो, पार नागपूरहून आली, ऑल द वे फ्रॉम नागपूर. यात पण एका मुलीनं सर्व रस्ता नागपूरपासून असं लिहिलं होतं, तिला विचारलं तुझी मावशी लांबून आली तर तू काय म्हणतेस गं, तर पटकन म्हणाली, पार सोलापूरवरून आली. मग लिही की तेच.

एक वेगळी गोष्ट इथंच सांगून टाकते. ऑल ऑफ आणि त्यापुढं आकडा. ही इज ऑल ऑफ सिक्स फीट म्हटलं की चांगला सहा फूट आहे, आणि इट कॉस्ट ऑल ऑफ फाइव्ह रुपीज असं म्हटलं की अवघे पाच रुपये, म्हणजे फक्त. सगळे हा शब्द फक्त कसा झाला म्हणून दहावीची मुलं चक्रावतात. मी म्हणते आपला अवघा बघा. वारीत म्हणतात त्या अभंगांतला अवघा म्हणजे सगळा, संपूर्ण, आणि आज दुकानाच्या पाटीवरचा अवघे ९९ रुपये म्हणजे फक्त ९९ रुपये. दोन भाषा, दोन्हीकडं सगळा म्हणणारा शब्द फक्त म्हणू लागला. मला हे जेव्हा पहिल्यांदा लक्षात आलं ना तेव्हा मी भाजी निवडता निवडता उठले आणि वहीत लिहून ठेवलं.

बाकी ऑल ऑफ अस म्हणताना ऑफ लागतंच, ऑल अस चालत नाही, आणि ऑल ऑफ स्टुडंट्स चुकीचं, ऑल द स्टुडंट्स किंवा ऑल ऑफ द स्टुडंट्स म्हणा, हे बहुतेक शिक्षक नीट शिकवतात त्यामुळं त्यावर जास्त लिहीत नाही.

पण एका गोष्टीवर लिहायलाच हवं, कारण त्यात तुमच्यासारख्या वर्तमानपत्रांचा पण थोडा वाटा आहे. ऑल ओव्हर महाराष्ट्रात डिलिव्हरी. ही जाहिरात मोबाइलवर रोज येते, आता पेपरातल्या छोट्या जाहिरातींत पण येते. यात ओव्हर पण आहे आणि 'महाराष्ट्रात'मधला 'त' पण आहे, एकाच कामाला दोन माणसं लावल्यासारखं. महाराष्ट्रभर घरपोच, किती छोटं, किती सोपं, जाहिरातीचे पैसे शब्दावर लागत असतील तर स्वस्त पण पडेल. लोकांनी इंग्रजी शब्द वापरू नयेत असं माझं मुळीच म्हणणं नाही, मी स्वतः या पत्रात किती वापरलेत. पण महाराष्ट्रभर, राज्यभर, देशभर हे शब्द कानावर पडेनासे झाले तर मुलाच्या डोक्यातला भर पण जाईल, आणि मग त्याला ऑल ओव्हर समजवायला माझ्याकडं काय उरेल? आणि यातूनच आता दुसरं सुरू झालंय, लोक ऑल ओव्हर आणि ओव्हरऑल एकच समजतात. ऑल ओव्हर पेपर बरा गेला, असं मुलं सर्रास म्हणतात. त्यांना म्हणायचं असतं एकंदर बरा गेला, म्हणजे ओव्हरऑल. इंग्रजीत इट्स ऑल ओव्हर म्हणजे तर सगळं संपलं. दोनच शब्द आणि पुढंमागं झाले तर एकंदर, सगळीकडं आणि संपलं असे तीन अर्थ, एवढं सांभाळावं लागतं.

आणि ऑल इंडिया वेगळं, ऑल ओव्हर इंडिया वेगळं, हे पण मुलं विचारतात. ऑल इंडिया रेडिओ हे १९३६ साली पडलेलं नाव, तिथं ऑल सरळ इंडियाला चिकटलाय, मध्ये कुणी नाही, आपल्याकडं त्याला अखिल भारतीय म्हणतात. ऑल ओव्हर इंडिया म्हणजे देशभर, तिथं ओव्हरवरून उडी आहे. टुरिस्टच्या गाडीवर ऑल इंडिया परमिट लिहितात, त्याचं ऑल ओव्हर इंडिया परमिट कुणी करत नाही, आणि ती गाडी मात्र ऑल ओव्हर इंडिया फिरते. हे एक उदाहरण फळ्यावर लिहिलं की पंधरा मिनिटांचं काम पाच मिनिटांत होतं.

तर माझी विनंती दोन ठिकाणी आहे. एक म्हणजे पेपर तपासणाऱ्या माझ्या शिक्षक बंधू-भगिनींना. दहावीच्या इंग्रजीच्या पेपरात पण भाषांतराचा प्रश्न असतो, शब्द, वाक्यं, म्हणी, आणि तिथं आपल्या माध्यमाच्या भाषेत लिहायचं असतं. मुलानं जर फरशीभर, रात्रभर, काठाकाठानं, पार नागपूरहून असं लिहिलं असेल तर कृपा करून त्यातला सर्व शोधू नका. तो त्यात आहे. एकदा वाक्य मोठ्यानं म्हणून बघा, आपल्या घरी कुणी असं बोलतं का, आणि मग मार्क द्या. नमुना उत्तर बोर्डाचं असो की गाइडचं, ते एक उत्तर असतं, एकमेव नसतं. मुलांना आधीच वाटत असतं की मराठी मीडियमचं आहे म्हणून आपलं इंग्रजी कच्चं, त्यातून चांगल्या मराठीला पण काट मिळाली तर मूल दोन्हीकडून जातं. ती मुलगी मला काय म्हणाली माहितेय का, टीचर, मग मी पुढच्या वेळी सर्व पाणी असंच लिहू का. मला उत्तर द्यायला वेळ लागला, कारण मार्क पण तिला हवेतच की, पुढच्या वर्षी दहावी आहे तिची.

दुसरी विनंती तुमच्या सदरासाठी. ती चौकट एकदा पुन्हा छापा, पूर्ण करून. ऑलच्या पुढं नाम असेल तर काय, ओव्हर-थ्रू-अलाँग असेल तर काय, आणि एकट्या माणसासोबत आला तर काय, अशी तिन्ही तऱ्हेची पाच-पाच वाक्यं, आणि भाषांतर बोलीतलं द्या, झाले होतेवालं नको. नुसता अर्थ देऊ नका, वाक्यच द्या, कारण एकटा ऑल घेऊन मूल काहीच करू शकत नाही, त्याला तो कुणाशेजारी बसलाय ते दिसायला हवं.

माझ्याकडं एक वही आहे, ज्यात मी इतकी वर्षं मुलांची अशी वाक्यं उतरवून ठेवलीत, चुकलेली पण आणि सुंदर जमलेली पण, नावं न लिहिता. ऑलचीच चार पानं भरलीत. हवी असतील तर झेरॉक्स काढून पाठवते. पहिल्या पानावर आता फरशीभर पाणी झालं होतं हे लिहिलंय, आणि त्याच्या खाली त्या मुलाचं वाक्य, पाणी सगळं नाहीये, फरशी सगळी आहे. तो मुलगा सोमवारी स्वतःचा पेपर घेऊन सरांकडं गेला होता, माझा मार्क कमी करा पण तिचा द्या म्हणून. सर म्हणाले, बघतो.

आपली नियमित वाचक,
एक शिकवणी घेणारी, कराड